कडावच्या पडवीतला इंटरव्ह्यू

कांदेपोह्यांचा वास आला की मला अजून माझी पदवी आठवते. हसू नका, घडलंच तसं.

माझा अभ्यासक्रम माहितीप्रणालीचा, तोही दोन देशांतला. पहिली दोन वर्षं कर्जतजवळच्या कॉलेजात, पुढची दोन परदेशी विद्यापीठात, आणि शेवटी दोन्हीकडची एकेक पदवी. इकडची दोन वर्षं किती मजेत गेली! आमच्या कडाववरून रिक्षात कोंबून घ्यायचं, चौकातल्या चहावाल्याशी हुज्जत घालायची, आणि मग वर्गात एखाद्या दवाखान्यातली माहिती कुठून येते, कुठे जाते, कुठे अडते याची चित्रं काढत बसायचं. गावातली खरी प्रणाली म्हणजे आमची शेजारची काकी, तिच्यात काहीच अडायचं नाही. ते दिवस परत मिळाले तर मी आत्ता उठून जाईन.

पुढचं घोडं अडलं बाबांपाशी. साजगावच्या कारखान्यात पाळी करून भातशेती बघणारा माणूस. परदेशाचा विषय निघाला की 'हो'ही नाही की 'नको'ही नाही, सरळ उठून गोठ्यात. आई म्हणायची धीर धर. धीर कसला डोंबलाचा! त्यांनी तोंडाने हो म्हटल्याशिवाय माझा पाय घराबाहेर पडणार नव्हता, आणि ते त्यांनाही पक्कं ठाऊक होतं.

तशात तिकडच्या प्राध्यापक बाईंनी व्हिडिओवर मुलाखत ठेवली. मी घरी नीट समजावून सांगितलं. आईला समजलंही. पण परकी माणसं आपल्या मुलीला प्रश्न विचारणार म्हटल्यावर आमच्याकडे जी रीत असते, ती मोडायला ती तयार नव्हती. तिने मला साडी नेसवली, पोहे टाकले, काकीसकट आळीतल्या बायकांना बोलावून भिंतीकडेला बसवलं. मी भडकले. बाई काय लॅपटॉपमधून पोहे खाणार आहेत का, असं विचारलंसुद्धा. आई म्हणाली, पोरीला एकटं बसवलेलं बरं दिसत नाय.

मुलाखत छान झाली. शेवटी बाईंनी विचारलं, मागे बसलेली ही सगळी मंडळी कोण? घरचीच, मी म्हणाले. मग त्यांनी सहज विचारलं, तुझ्या जाण्याला यांची संमती आहे ना?

मी काकीला बाईंचा प्रश्न मराठीत सांगितला, म्हणजे खरं तर दारात उभ्या असलेल्या बाबांना ऐकू जावा म्हणून सांगितला.

बाबा आत आले. धुतलेला सदरा घातला होता, तो कधी घातला देव जाणे. माझ्या शेजारी बसले, पडद्यासमोर हात जोडले आणि लेकीचा बाप बोलतो ते बोलले.

"पोर आमची साधी हाय. आजपासून तुमच्या पदरात घातली. चुकली माकली तर सांभाळून घ्या. आमी हितं हाय."

आईने पदर डोळ्यांना लावला. बाई माझ्याकडे बघत थांबल्या होत्या. मला इतकं भरून आलं होतं की इंग्रजी तर सोडाच, मराठीही सुचेना.

"ते हो म्हणाले," कसंबसं मी सांगितलं.

बाबा माझ्याकडे वळले. "समदं सांगितलंस ना गं?"

"सांगितलं, बाबा."