गुलमंडीतली साक्ष

खटले लढवण्यात मंदाकिनी कासलीकरांची उमर सरली. वरिष्ठ सरकारी वकील झाल्याचा हुकूम आला, तेव्हा पेढा भरवायला घरी कुणी नव्हतं. मग त्या गुलमंडीच्या बाजारात स्वतःलाच साडी घ्यायला गेल्या.

दुकानात संस्कृती सासूबरोबर बसली होती. लग्नाआधी, स्वतःवरच्या अत्याचाराच्या खटल्यात, याच पोरीनं मंदाकिनीबाईंनी दिलेल्या धीरावर भर कोर्टात आरोपीकडं बोट दाखवलं होतं. नजरानजर होताच तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"कोण गं त्या? तुझ्या ओळखीच्या व्हय?" सासूनं विचारलं.

"नाय आत्या. मी नाय ओळखत."

उभ्या जन्मात बाईंनी खोटी साक्ष खपवून घेतली नव्हती. ही मात्र त्यांनी मुकाट्यानं खरी मानली आणि साडी न घेताच पायऱ्या उतरल्या.