नालवाडीतली चिनी पौर्णिमा

वर्धा जिल्ह्यात चीन देश कुणी चालवला असेल, तर तो माझ्या थोरल्या साडूंनी. तोही नालवाडीतल्या किराणा दुकानात बसून, जन्मात नागपूरच्या पुढे न जाता. नव्वदीच्या दशकात त्यांच्या रेडिओवर चीनहून हिंदी कार्यक्रम लागायचा. साडू तिकडे पत्रं धाडत आणि तिकडून रंगीत पुस्तिका येत. त्यांतून त्यांनी तिथला कंदिलांचा सण उचलला. चिनी वर्षाची पहिली पौर्णिमा बहुधा आपल्या माघी पौर्णिमेलाच पडते हे कळल्यावर तर तो घरचाच झाला. कामट्यांना पतंगाचा कागद चिकटवून ते दुकानापुढे कंदील टांगत आणि तिकडच्या रीतीप्रमाणे प्रत्येकाखाली कोड्याची चिठ्ठी. ‘दुपारी झोपते, हाक मारली की चिडते,’ हे कोडं त्यांनी मांजरावर घातलं होतं. शेजारच्या मास्तरांनी ‘हे दुकान’ असं उत्तर दिलं, आणि सगळी गल्ली इतकी हसली की बक्षिसाचा गुळाचा खडा मास्तरांनाच द्यावा लागला.

प्रांताप्रांतातला फरक हा त्यांचा खास विषय. अल्लीपूरच्या एका बाईंनी पावशेर तीळ मागितले, तर हे म्हणाले, “उत्तरेकडचे चिनी लोक या सणाच्या गोड गोळ्यांचं तिळाचं सारण कोरड्या पिठात घोळवतेत, दक्षिणेकडचे हातानं पारी करून भरतेत. तुमचं कसं?”

“मले लाडू करायचे हायेत, बाप्पा!”

थंड मुलखात बर्फाचे कंदील करतात म्हणून एका वर्षी त्यांनी बर्फाची लादी आणली. मेणबत्ती सापडेपर्यंत नुसता भुसा उरला.

मग एका पावसाळ्यात माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे साडूंची मंडळी, न्हाणीत पडली आणि मांडीचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण ताईंच्या मनातली भीती जाईना. डॉक्टर म्हणत चाला, त्या खाटेवरून उतरत नसत. माघी पौर्णिमेला साडू खाटेशी बसले. “आजच्या दिवशी उत्तर चीनमदी बाया मिळून पूल ओलांडतेत. वर्षाचे आजार मागं राह्यतेत.”

“मी काऊन चिनी होऊ?” ताई म्हणाल्या. पण साडूंनी गल्लीतल्या पाच-सहा बायका आधीच दारात आणून उभ्या केल्या होत्या. ताई काठी घेऊन निघाल्या. नाल्यावरच्या रपट्यापाशी, म्हणजे त्या बुटक्या पुलापाशी, साडू थांबले. रिवाज बायकांचा! त्यांनी नुसता कंदील उंच धरला. ताई पाऊल पाऊल टाकत पलीकडे पोचल्या आणि एकदम खाली बसल्या. साडू कंदील टाकून धावत सुटले.

ताई बसल्या बसल्या हसत होत्या. “पायले गोळा आला जी. अन् मानसाले चालते का हा रिवाज?”

“दक्षिणेत चालते!” साडू धापा टाकत म्हणाले. असं कुठल्याही पुस्तिकेत नव्हतं.

त्यानंतर सात-आठ वर्षं ताई त्या बायकांबरोबर जात राहिल्या. मग एका दिवाळीआधी त्या गेल्या. पुढच्या माघात साडूंनी कंदील केले नाहीत. संध्याकाळी बायकाच दारात आल्या. “भाऊ, चाला.”

त्यांनी चपला घातल्या. मी सोबत होतो. रपट्यापर्यंत ते चीनबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. मला ते सोसवेना, म्हणून मीच विचारलं, “मागं एकटं राहिलेल्या माणसानं या दिवशी काय करायचं असतं हो तिकडे?”



“मले नाई मालूम,” ते म्हणाले, आणि माझा हात धरून रपट्यावरून चालू लागले.