डबा परत द्या!

सुमनमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी सारोळ्याच्या पुलाजवळ गरम भजी खात उभा होतो. हातातलं भजं हातातच राहिलं. मावशी असत्या तर म्हणाल्या असत्या, "गुरुजी, आदी खावा, गार व्हतंय." मग खाल्लं... रडत रडत, पण खाल्लं.

उत्रोलीच्या आमच्या शाळेत त्या पोषण आहाराची खिचडी शिजवत. भोर-वेल्ह्याचे आम्ही काही शिक्षक नेपाळातल्या एका डोंगरी शाळेत स्वेटर वाटायला निघालो, तेव्हा स्वयंपाकाला म्हणून त्या सोबत आल्या. "पासपोर्ट लागत न्हाई, त्यो कसला परदेस?" ही शंका त्यांनी थेट गोरखपूरपर्यंत चालवली. मांडीवर पितळी डबा, डब्यात शेंगदाण्याचे लाडू. वाटेत डबा कुणाच्या हाती दिला नाही.

ती डोंगरी शाळा खडी फोडणाऱ्या मजुरांच्या मुलांची. मुलं रांगेत उभी होती. पाहुणे, फोटो, टाळ्या, सगळं त्यांना पाठ. मी हिंदीतून, हातवारे करत, झकास नाटकी भाषण ठोकलं. एकही मूल हसलं नाही. स्वेटर घेतले, लाडवांचा डबा कोठीत नेऊन ठेवला, हात जोडले, पुन्हा रांगेत. इतकी शहाणी मुलं मी आजवर पाहिली नव्हती, आणि ते काही मला बरं वाटलं नाही.

निघताना मावशींनी लाडवांचा डबा परत मागितला. हात पुढे करून, सगळ्यांदेखत!

"मावशी, राहू द्या हो, दान केलंय आपण," मी कुजबुजलो.

"लाडू दिलं. डबा कुटं दिलाय? आन् रिकामा न्हाई न्यायची मी. आमच्यात रिकामा डबा माघारी देत न्हाईत. सांगा त्यास्नी हिंदीतनं."

मी शरमेनं अर्धा झालो, पण सांगितलं. आणि मग जी धावपळ उडाली! रांग मोडली, मुलं ओरडत कोठीकडे पळाली, काय भरायचं यावरून भांडली. अखेर पार्वती नावाच्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीनं शाळेच्या परसातला मका डब्यात भरून, दोन्ही हातांनी, घरधनिणीच्या रुबाबात आणून दिला. मावशींनी आत डोकावून काठावर बोट ठेवलं. "थोडा कमी भरलाय." भाषा कळली नाही, बोट कळलं. पार्वती हसत पळाली आणि आणखी एक मूठ घेऊन आली.

तो मका मावशींनी उत्रोलीत बांधाला टोकून पेरला. कणसं आली. आता भरायची पाळी आमची होती. मावशींनी डब्यात इंद्रायणी तांदूळ भरला आणि पोचवायचं काम माझ्यावर टाकलं. सुट्टीत जातो, म्हटलं. तीन सुट्ट्या गेल्या. दर सुगीला त्या तांदूळ बदलत. गेल्या दिवाळीत भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तांदूळ जुना झाला, बदलला. गुरुजी मातुर बदलंनात." मी हसलो. त्या हसल्या नाहीत. "पोरगी वाट बगत आसंल वो..."

तेराव्याला त्यांच्या सुनेनं तांदळानं भरलेला डबा माझ्या हातात दिला. या मे महिन्यात निघतोय, तिकीट काढलंय. पार्वतीला तांदूळ देईन आणि डबा परत मागेन, सगळ्यांदेखत. ती भरूनच देईल. पण तो घेऊन उत्रोलीला आल्यावर आत डोकावणार कोण?

सध्या डबा आमच्या फडताळात आहे. येता-जाता झाकण काढून बघतो. परवा तांदूळ जरा खाली बसलेला दिसला. काठावर बोट ठेवून पाहिलं... आणि एक मूठ घातली.