टेपपुरती गाडी

आगाशीच्या गॉडफ्रेची गाडी कुठे म्हणून जात नव्हती. डोळे अधू झाले तेव्हा त्याने गाडी चालवणं सोडलं ते सोडलंच. तरी रोज संध्याकाळी चर्चची घंटा झाली की स्वारी अंगणातल्या गाडीत जाऊन बसायची, किल्ली अर्धी फिरवायची आणि टेप लावायची. त्यात क्लेमेंटीन गायची, त्याची बायको. गायनमंडळाची तालीम त्यानेच कधीकाळी घरी सेलवरच्या टेपरेकॉर्डरवर भरून घेतली होती, आणि कॅसेट वाजेल असं यंत्र आता फक्त या जुन्या गाडीत उरलं होतं. क्लेमेंटीन गेल्यापासून बाजूच्या सीटवर तो साधी पिशवीही ठेवायचा नाही.

आता इंजिन कधी चालू करायचं नाही आणि टेप मात्र रोज ऐकायचा, तर बॅटरी बिचारी किती दम धरणार? एका संध्याकाळी टेप घरघरला आणि बंद पडला. गॉडफ्रेने किल्ली पुन्हा पुन्हा फिरवून पाहिली.

कॅनडातल्या लेकीने, शॅननने, ऑनलाइन मागवून स्मार्ट चार्जर घरी धाडला. गॉडफ्रेने चिमटे लावले, बटण दाबलं. लाल दिवा लुकलुकला आणि विझला. त्याने बॅटरीची टोकं घासली, प्लग बदलला, चार्जरला शिव्या घातल्या. काही उपयोग नाही. जेवणही गेलं नाही त्याला.

शॅननने फोनवर समजावलं. बॅटरीत थोडी तरी धुगधुगी आहे का, हे चार्जर आधी बघतो. पार उतरलेली असली तर त्याला वाटतं, आपल्याला काही जोडलेलंच नाही, मग तो सुरूच होत नाही. जोडीला दुसरी भरलेली बॅटरी थोडा वेळ लावली की कळतं त्याला.

"शेजारी कुणाला तरी हाक मार ना, पप्पा."

तिथेच तर घोडं अडलं होतं. मयतीनंतर शेजारच्या वाडीतला दिनानाथ रोज डबा घेऊन यायचा, आणि हा हट्टी माणूस दार न उघडता आतूनच नको म्हणायचा. शेवटी दिनानाथ यायचा थांबला. आता कुठल्या तोंडाने जायचं? गॉडफ्रे कुंपणापर्यंत जाऊन परत आला. मग पुन्हा गेला.

दिनानाथने जुनं काही काढलं नाही. टेम्पो आणला, दोन्ही बॅटऱ्या वायरींनी जोडल्या. थोड्या वेळाने चार्जरचा दिवा लागला तो टिकला. वायरी सोडवता सोडवता त्याने विचारलं, "कुठं निघालास?"

"कुठं नाही. क्लेमेंटीनला ऐकायचंय."

दुसऱ्या संध्याकाळी बॅटरी भरली. गॉडफ्रेने दिनानाथला बोलावलं आणि बाजूचं दार उघडून दिलं. गाणं वाजलं, संपलं, आणि मागोमाग टेपवरच क्लेमेंटीनचा वैतागलेला आवाज आला, "अहो, पुरे आता. बंद करा तो टेप, सेल उतरतील."

रोज हे ऐकून तो कॅसेट पुन्हा पहिल्यापासून लावायचा. आज "बरं" म्हणाला आणि त्याने किल्ली मागे फिरवली. मग त्याला मोठ्याने रडू आलं. दिनानाथ सीटवरून हलला नाही.