वाढायला कोन हाय?

"वाढायला कोन हाय?" कुठलीही बातमी सांगा, बाईंचा पहिला प्रश्न हाच. लग्न असो नाहीतर सोसायटीची निवडणूक. वाढपी आपला असला की शेवटच्या पंगतीतही पोट भरतं, एवढंच त्यांचं राजकारण. साऱ्या जगाला असं एकाच मापाने मोजणारं माणूस तुमच्याही ओळखीत असेल.

बाई सरकारी दवाखान्यातल्या निवृत्त नर्स. जिंतूरच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत मी पेटी वाजवतो. सूर चुकला की बाई पहिल्या बाकावरून खोकायच्या. नाताळच्या प्रीतिभोजनात मटण वाढायचा डाव वर्षानुवर्षं त्यांच्याच हातात. तो मागायची छाती पाळकसाहेबांचीही नव्हती.

पिढ्यानपिढ्यांचे ख्रिस्ती आम्ही पुढे बसायचो आणि छापील मराठीत प्रार्थना करायचो. तांड्यावरून येणारी बंजारा मंडळी मागे बसून आपल्या गोरमाटी बोलीत कुजबुजायची. जेवायला पहिली पंगत आमची, शेवटची त्यांची. कुणी ठरवलं नव्हतं, पण तसंच व्हायचं.

एका नाताळात शेवटच्या पंगतीला नुसता रस्सा उरला. तांड्यातली थोरली विधवा जमुनाबाई तशीच उठून गेली. पुढच्या रविवारी मागचे बाक रिकामे. बाई मला घेऊन तांड्यावर गेल्या. काय झालं ते ऐकलं आणि सवयीने विचारून बसल्या, "वाढायला कोन होतं?"

जमुनाबाईने बाईंच्याच उजव्या हाताकडे बघितलं.

पंचांच्या बैठकीत बाई उभ्या राहिल्या. बायबलातली, यरुशलेमातल्या पहिल्या मंडळीची गोष्ट काढली. तिथेही ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जायचं. कुरकुर झाली, तेव्हा वाढायला सात जण नेमले, आणि सातांचीही नावं ग्रीक, म्हणजे डावललेल्यांतलेच. आमचे थोरले पंच तात्या म्हणाले, ते सगळं खरं, पण तांड्यावरच्या बायकांना धड मराठी येत नाही, कारभार कसा जमायचा?

"तात्या, मटन काय मराठीतच वाढावं लागतंय का?" बाईंनी पिशवीतून डाव काढून टेबलावर ठेवला. "लय वर्षं मी वाढलं. आता त्या वाढतील, मी शेवटी बसते."

पाळकसाहेबांनी होकारार्थी मान हलवली.

पुढच्या नाताळला जमुनाबाई पदर खोचून डाव घेऊन उभी. जेवणाआधीची प्रार्थना तिने गोरमाटीत गाऊन केली, आणि मी पेटीवर चाचपडत तिचा सूर शोधला. तो चुकला तरी बाई खोकल्या नाहीत. शेवटच्या पंगतीत त्या तांड्यातल्या बायकांमध्ये बसल्या होत्या. सगळ्या त्यांना 'याडी' म्हणत होत्या, म्हणजे आई. शेवटच्या ताटापर्यंत फोडी पुरल्या. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

बाई आता नाहीत. गेल्या नाताळला शेवटच्या पंगतीत, त्यांच्या जागेवर, तात्या मांडी घालून बसले होते. जमुनाबाई समोर आली तसं त्यांनी ताट पुढे केलं.

"वाढ, याडी," तात्या म्हणाले.