बंद केबिनचा ट्रॅक्टर

त्या ट्रॅक्टरचा मला पहिल्या दिवसापासून राग होता. आता गावात म्हणतात, ही मागाहून बोलते. मागाहून काय? माझं तोंड काय तेव्हा शिवलेलं होतं? अंधेरीच्या त्या यार्डात सगळ्यांदेखत मी म्हटलं होतं, "दुसरा कुठलाही घ्या, हा नको." पण मासळी विकणाऱ्या पोरीचं यंत्राच्या बाबतीत ऐकतो कोण!

मनोरीला आमचं घर किनाऱ्याला लागून. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत होड्यांना मोठी इंजिनं बसली, होड्या जड झाल्या, आणि ओढायला माणसं कमी झाली. जवान पोरं खाडी ओलांडून मालाड-अंधेरीच्या कारखान्यांत जायला लागली होती. पावसाळ्याआधी होड्या वाळूवरून वर ओढून शाकारायच्या, म्हणजे झावळ्यांनी झाकून ठेवायच्या, तर अख्खा गाव लागतो. गावच उरला नाही तर ओढणार कोण? म्हणून मच्छीमार सोसायटीने ट्रॅक्टर घ्यायचं ठरवलं. किनाऱ्याकडे जाणारी गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना मासे वाळवायच्या बांबूच्या वलांड्या, त्यामुळे ट्रॅक्टर लहानच पाहिजे होता.

होडी ओढायची आमची रीत आधी सांगते, कारण सगळं तिच्यावरच अडलंय. दोराला बायका-पुरुष सगळे लागतात. होडीच्या तोंडाशी एकच माणूस. तो आरोळी देतो आणि होडीखाली गोल ओंडके सारतो. मागून सुटलेला ओंडका उचलायचा, पुढे आणायचा, तळाखाली घालायचा. आरोळी चालू आहे तोवर ओढायचं. आरोळी तुटली की जागच्या जागी उभं राहायचं आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. 'थांब' तर म्हणायचंच नाही. होडीला थांब म्हटलं की ती कायमची थांबते, परत दर्यात जात नाही, असं आम्ही मानतो. लहानपणी एकदा मी ओरडले होते, तर आईने भर किनाऱ्यावर माझ्या थोबाडीत दिली होती.

आरोळी द्यायचं काम माझ्या बाबाचं. त्याच्या आधी ते त्याच्या बापाचं होतं. बाबाचा आवाज काही गोड नव्हता, फाटका होता, पण वाऱ्याला चिरून जायचा. तो बोलायचा तोवर होडी चालायची आणि तो गप्प झाला की होडी उभी. कित्येकदा त्याचा हात तळाखाली असायचा, अगदी खांद्यापर्यंत. त्याची बोटं, त्याचा हात, त्याचा जीव, सगळं आमच्या थांबण्यावर होतं. आम्ही कधी चुकलो नाही.

ट्रॅक्टर चालवणार होता माझा दादा. त्याच्या छातीत पाणी झालं होतं, मोठ्या इस्पितळात सुई घालून काढलं, आणि डॉक्टरने सांगितलं, ओला वारा आणि धूर दोन्ही बंद. म्हणजे दर्याच बंद की! कोळ्याच्या पोराला दर्या बंद म्हटल्यावर तो करणार काय? दादाने थोडे दिवस मालाडला बर्फाचा टेम्पो चालवला, तिथेही खोकला सुरू झाला. रात्रंदिवस ओसरीवर बसून जाळी विणायचा. बायकांमध्ये बसतो म्हणून त्याचेच मित्र त्याला चिडवायचे. एकाला तर मी सुऱ्याने मासळी कापता कापता असं काही सुनावलं की तो परत आमच्या दारात आला नाही.

तर अंधेरीचं यार्ड. जुन्या-नव्या यंत्रांचा एक दलाल होता, गोड बोलणारा, सारखा हात चोळणारा. आम्ही चौघे गेलो. सोसायटीचे चेअरमन, जे एके काळी स्वतः होडी घेऊन जायचे, मग बाबा, दादा, आणि मी. मी का? तर दादाला धुळीत धाप लागली तर सांभाळायला. दलालाने आधी दोन साधे ट्रॅक्टर दाखवले, उघड्या बैठकीचे. मग पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन ताडपत्री ओढली. खाली हा. परदेशी बनावटीचा, बंदरावरच्या लिलावात सुटलेला, बुटका, हिरवट रंगाचा. वर चारी बाजूंनी काचेची केबिन. गादीची खुर्ची. आणि आत एसी! आमच्या गावात तेव्हा फ्रिज पाहायला माणसं जायची.

"बसा ना भाऊ," दलाल दादाला म्हणाला. "बाहेर आग पडू दे, वादळ होऊ दे, आत थेंब नाही, धूळ नाही, धूर नाही."

दादा आत बसला. दार लागलं. मे महिन्यातल्या अंधेरीत आम्ही घामाने निथळत होतो आणि आत दादाने डोळे मिटले. छाती वर-खाली होताना दिसत होती, सावकाश, न अडखळता. त्या आजारानंतर त्याला असा श्वास घेताना मी बघितलंच नव्हतं. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू? मी काचेवर टकटक केलं आणि म्हटलं, "काय राजे, खाली उतरणार का तिथेच नांदणार?" त्याने डोळे उघडले, माझ्या ओठांकडे बघितलं, आणि हाताने विचारलं, काय?

तिथेच मला कळलं, माझा आवाज आत गेलाच नव्हता.

मी बाबाकडे बघितलं. त्यालाही कळलं होतं. तो ट्रॅक्टरच्या मागे गेला, दूर भिंतीपाशी उभा राहिला आणि त्याने आरोळी दिली. यार्डातली कुत्री भुंकायला लागली. दलालाचे कामगार हातातलं काम सोडून बघायला लागले. दादा मात्र आत बसून खुर्ची पुढेमागे करून बघत होता.

"बाबा, हा नको," मी म्हटलं. "याला तुझा आवाजच जात नाही."

"आरसे आहेत ना ताई," दलाल म्हणाला. "दोन्ही बाजूंनी. मागचं सगळं दिसतं."

"दिसून काय डोंबल करायचंय? आमचं काम कानाचं आहे."

चेअरमन मला म्हणाले, "अगं, तू गप जरा. त्याच्यावर उपाय आहे. मी बाजूला उभा राहीन लाल फडकं घेऊन. थांबायचं असलं की वर करीन. आगगाडी चालते फडक्यावर, आपली होडी नाय चालणार?"

"उघडा ट्रॅक्टर घ्या. दादा तोंडाला फडकं बांधून बसेल."

"आणि परत छातीत पाणी भरलं तर?" हे बाबा बोलला. मला वाटलं होतं तो माझ्या बाजूने बोलेल. त्याने दादाकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. मग मला म्हणाला, "बाय, त्याला एकदा तरी कामावर बसू दे गं. माझं मी बघून घेईन."

माझं मी बघून घेईन! होडीखाली याचा हात, आणि हा बघून घेणार. मी तिथून रस्त्यावर येऊन उभी राहिले. खरं सांगते, तेव्हा मला बाबाचा जितका राग आला तितका आयुष्यात कुणाचा आला नाही.

ट्रॅक्टर भाईंदरवरून उत्तनच्या रस्त्याने गावात आला. हार, नारळ, गुलाल, सगळं झालं. आईने दादावरून मीठ-मिरच्या उतरवून टाकल्या. पोराटोरांनी दार उघडून थंड हवा खायची, दादाने त्यांना हाकलायचं. चिडवणारे मित्र आता "साहेब, जरा आम्हाला पण बसवा ना यार" म्हणत मागे लागले. दादाचा रंग सुधारला. तो शर्टाला इस्त्री करायला लागला. मी त्याला म्हटलं, "चाललास कुठे, लग्नाला?" तर म्हणाला, "हापिसात." एवढं हसताना मी त्याला कधी बघितलं नव्हतं आणि तरी मला ते बघवत नव्हतं.

एकदा मला त्याने आत बसवलं. दार लागल्याबरोबर दर्या गेला. जन्मापासून जो आवाज कानात आहे तो एकदम नाहीसा झाला, फक्त एसीची घरघर. समोर आई कुणाशी तरी बोलत होती, हात करत होती, मुकी. मी दार ढकलून बाहेर उडी मारली. दादा हसला. म्हणाला, "घाबरट." मी म्हटलं, "घाबरटच बरी. उंटावरून शेळ्या हाकायची तुझी हौस होऊ दे, मी खालीच बरी."

पहिल्या काही लहान होड्या सुरळीत वर आल्या. मागून ओंडका सुटताना दिसला की आरोळी तुटायच्या आधीच चेअरमन फडकं वर करायचे, दादा थांबायचा. बाबा आरोळीही द्यायचा, खरं म्हणजे गरज नव्हती, पण तिच्याशिवाय त्याचे हात चालायचे नाहीत. आम्ही बाया रिकाम्या हातांनी कडेला उभ्या. दोराला हात न लावता आरोळी ऐकायची म्हणजे कसंतरीच वाटायचं. पाय आपोआप रुतायचे, खांदे ताठ व्हायचे. सगळे म्हणाले, झकास काम आहे. पण बाबाच्या जेवणाचा डबा घेऊन मी रोज किनाऱ्यावर जायची आणि तो हात तळाखाली घालायचा तेव्हा डबा छातीशी धरून चेअरमनच्या फडक्याकडे बघत राहायची. घरी येऊन एकदा आईला म्हटलंसुद्धा, "हे बरं चाललंय ना, म्हणूनच भीती वाटते." आईने मला गप्प केलं. अशुभ बोलू नको म्हणाली.

मग मोठी होडी आली. आभाळ खाली उतरलं होतं, वारा दक्षिणेचा, वाळू ओली. अजून सर नव्हती पण कधीही येईल असं होतं, म्हणून घाई. दोर ट्रॅक्टरला बांधला. दादा आत चढला, दार लागलं. बाबाने धोतर खोचलं आणि आरोळी दिली. होडी हलली. एक ओंडका, दुसरा ओंडका, होडी कुरकुरत वर यायला लागली. अर्ध्या वाळूत आली आणि एक ओंडका तिरका झाला.

बाबा गुडघ्यावर बसला, हात खाली घातला, आणि गप्प झाला.

आणि आम्ही सगळे थांबलो. तुम्हाला कसं सांगू? कुणी हललं नाही. अख्खा किनारा जागच्या जागी उभा राहिला, जसा पिढ्यान्पिढ्या राहतो. चेअरमन हातात फडकं घेऊन उभे राहिले, हात खाली. त्यांच्याही अंगात तेच होतं. आरोळी तुटली, म्हणजे होडी थांबली. आमच्या लेखी ती थांबलेलीच होती. बाबाच्याही लेखी. त्याने वर बघितलंसुद्धा नाही, डोकं वाकवून खांदा आणखी आत घातला.

ट्रॅक्टर चालतच होता. दादाला आरशात दिसत होतं, सगळे शांत उभे आहेत, लाल फडकं खाली आहे.

होडी ओंडक्यावरून घसरली आणि बाबाच्या बाजूला कलली. लाकडाचा आवाज झाला. बाबाचा आवाज नाही आला.

मी धावले. ओरडत होते की नाही मला आठवत नाही, बहुतेक नव्हते. मी ट्रॅक्टरच्या काचेवर दोन्ही मुठींनी बडवलं. दादाने वळून बघितलं. त्याला वाटलं मी नेहमीसारखी मस्करी करतेय. त्याने हसून अंगठा दाखवला, मग सावकाश ट्रॅक्टर उभा केला, इंजिन बंद केलं आणि दार उघडलं. आतली थंड हवा माझ्या तोंडावर आली.

"कशी आली होडी?" तो म्हणाला. "झकास ना?"

आणि मग दार उघडं असल्यामुळे त्याला ऐकू आलं. आरोळी तुटलेली होती, किनाऱ्यावर कुणी बोलत नव्हतं. तो आमच्याच गावचा, आरोळीवर वाढलेला. त्याचा चेहरा माझ्यासमोर पांढरा पडला, आणि त्याने पाय ब्रेकवर मारला. उभ्या ट्रॅक्टरचा ब्रेक, अंगातला सगळा जोर लावून.

होडी सरळ करून आम्ही बाबाला बाहेर काढलं तेव्हा तो गेलेला होता. चेअरमन वाळूत बसून स्वतःच्या तोंडात मारून घेत होते. कुणीतरी चादर आणली. दादा खाली उतरला नव्हता. त्याला हाका मारल्या, खांदे धरून ओढलं, तरी त्याचा पाय ब्रेकवरून निघेना. तो दाबतच होता. शेवटी आई बाबापासून उठली, ट्रॅक्टरवर चढली, आणि दोन्ही हातांनी तिने त्याचा पाय उचलून बाजूला ठेवला.