फ्युरोर म्हणजे धुमाकूळ नव्हे

"ट्रक थांबवा!" फ्रँक फोनवर खाली माल चढवणाऱ्यांवर ओरडत होता. "एकही प्रिंटर डॉकवरून हलता कामा नये."

मी कॉफी घेऊन त्याच्या केबिनच्या दारात उभा. फ्रँक माझा मॅनेजर. सांता क्लाराच्या आमच्या छोट्या कंपनीत तो सहसा आवाज चढवत नसे. प्रिंटर आमच्याच टीमचे होते. त्यांचं फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या चिपमध्येच भरून ठेवलेला प्रोग्रॅम, मी दोन वर्षं खपून लिहिलं होतं. बेलव्ह्यूच्या गिऱ्हाइकाला शुक्रवारपर्यंत माल पोचला नाही तर ऑर्डर कॅन्सल, आणि ऑर्डर गेली की प्रोजेक्ट बंद. त्या दिवशी बुधवार होता.

"काय झालं?"

"मला काय विचारतोस, दिलीप? तूच लिहिलंयस!" त्याने माझा ट्रिप रिपोर्ट पुढे सरकवला. आदल्या आठवड्यात मी बेलव्ह्यूला डेमो देऊन आलो होतो. पहिल्याच वाक्याखाली लाल रेघ होती. 'अवर प्रिंटर क्रिएटेड अ फ्युरोर.'

"बरोबर आहे," मी अभिमानाने म्हणालो.

फ्रँकने फोन पुढे ओढला.

मला म्हणायचं होतं, आमच्या प्रिंटरने धुमाकूळ घातला. आपल्याकडे गाजलेलं नाटकही धुमाकूळ घालतं आणि सुट्टीत आलेली भाचरंही. रिपोर्ट लिहिताना मी पुण्याहून आणलेला जुना शब्दकोश उघडला. त्यात फ्युरोरला 'लोकांच्या उत्साहाची लाट' असाही अर्थ होता. शब्द वजनदार वाटला, ठेवून दिला. आपलं इंग्रजी चांगलं असल्याची मस्ती, दुसरं काय! अमेरिकेत फ्युरोर म्हणजे लोकांचा संताप, निषेध, बोंबाबोंब. गावातली शाळा बंद करायला निघाले की होतो तो.

मी समजावायला लागलो, तोवर फ्रँकने स्पीकरफोनवर बेलव्ह्यूचा नंबर फिरवलाही होता. तिथल्या ऑफिसची मॅनेजर डोना हिने फोन उचलला.

"डोना, झाल्या प्रकाराबद्दल आय ॲम सो सॉरी."

"कसला प्रकार?"

"तुमची माणसं आमच्या प्रिंटरवर चिडलीत ना?"

"चिडलीत? डेमोचा प्रिंटर परत पाठवू नका म्हणून माझ्या मागे लागलीत! बाकीचे शुक्रवारी येतायत ना?"

"ऑफ कोर्स," म्हणून फ्रँकने फोन ठेवला आणि लगेच डॉकला लावला. मी खाली धावलो. निम्मी खोकी ट्रकमधून उतरवून झाली होती. ती परत चढवायला मीही हात लावला. ट्रक फाटकाबाहेर पडला तेव्हा माझा शर्ट घामाने भिजला होता, पण जिवात जीव आला.

वर आल्यावर गप्प बसायचं, तर तेही जमलं नाही. "फ्रँक, डिक्शनरीत तो अर्थ आहे."

"असेल. पण तुझे रिपोर्ट डिक्शनरी वाचत नाही, मी वाचतो," तो हसत म्हणाला. "पुढच्या वेळी नुसतं लिही, 'दे लाइक्ड इट.'"

माल वेळेवर पोचला आणि प्रोजेक्ट वाचला. त्यानंतर पंचवीस वर्षं मी रिपोर्ट लिहिले. 'दे लाइक्ड इट'च्या पुढे कधी गेलो नाही, आणि वजनदार शब्दांवाचून माझं एकही प्रमोशन अडलं नाही.